कोपरा कापलेलं कार्ड

दिवाळीनंतरचा सोमवार, १९७८. हजर: मी (साखर कारखान्याच्या कार्ड विभागाची प्रमुख), पंचिंग मशीनवरच्या दोघी, शेतकी अधिकारी, आणि पलूसकडचे एक सुभेदार, फौजेत डोळे गमावून परतलेले.

आदल्या हंगामापासून शेतकऱ्याला ऊसतोडीचा महिना-आठवडा कळवणारी कार्डं कॉम्प्युटरवर छापून येत होती, सगळी इंग्रजीत. सुभेदारांचं कार्ड शेजाऱ्यानं चुकीचं वाचलं. तोडणीच्या आठवड्यातच रानाला पाणी दिलं गेलं, चिखल पाहून तोडणीची टोळी बांधावरूनच परतली आणि ऊस तुऱ्यावर जाऊन वजनाला घटला. "औंदा माझं कार्ड मीच वाचनार," असं ते मला बजावून गेले होते.

म्हणून मी कार्डांना खाचा पाडल्या. डाव्या कडेला हंगामाचा महिना, उजव्या कडेला आठवडा. जितक्या खाचा, तितका आकडा. ऑफिसात सगळ्यांना पटलं. चाचणीला मी पंधरा मिनिटं धरली होती.

सुभेदारांनी कडांवरून बोटं फिरवली. "तिसऱ्या म्हैन्याचा पयला आठवडा."

कार्ड पहिल्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याचं होतं.

"सुभेदार, दीड महिना उशीर!" शेतकी अधिकारी हसले.

"आवं सायेब, ह्याचं डोस्कं कुठं अन् पाय कुठं, मला काय ठावं?"

कार्ड त्यांच्या हातात उलटं होतं. पंचिंगवाल्या एकीनं कॉम्प्युटरला माहिती भरवायच्या गठ्ठ्यातलं कोरं पंच कार्ड त्यांच्या हाती ठेवलं. त्याचा एक कोपरा तिरपा कापलेला होता. "मशीनमध्ये उलटं जाऊ नये म्हणून असतो," ती म्हणाली.

"म्हंजी मशीनला कोपरा, अन् मानसाला न्हाई? लय भारी कारभार हाय बाई तुमचा!"

सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसले. शेतकऱ्यांसाठी चौकोनी कार्डं मीच मागवली होती, आणि पंच कार्डांचे ते कोपरे रोज माझ्याच बोटांखालून जात होते.

कात्री आली. कार्डांचा वरचा उजवा कोपरा उडवला. चार कार्डं उलटीसुलटी करून दिली, चारही त्यांनी बरोबर वाचली. मग त्यांचं स्वतःचं.

"दुसरा म्हैना, दुसरा आठवडा. त्याच्या आदी पंधरा दीस पानी बंद." त्यांनी कार्ड खिशात घातलं, बटण लावलं. "माझं झालं. आता आमच्याकडच्या मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांचं कवा?"

पाच वाजेपर्यंत तिघींनी कात्र्या चालवल्या. माझ्या कामाच्या वहीतली त्या दिवसाची शेवटची ओळ: पलूस गट, तीन गठ्ठे, कोपरे कापणे बाकी.