अक्कांनी मोजलेले चाळीस

मुख्य डॉक्टरांचा आवाज चढला की अक्का सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "ओरडल्यानं पेशी जगत नाहीत, डॉक्टर."

नव्वदच्या दशकात मल्लेश्वरममधल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी त्यांची सहकारी होते. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे अक्कांच्या मराठीत कन्नड सहज मिसळायचं. गोठवलेले गर्भ वितळवणं हे आमचं काम. त्यातले बरेच मरायचे. "गोठवलं ते गेलंच," असं मुख्य डॉक्टर म्हणत. अक्का उसळायच्या, "गेलं नाही, आपण घालवलं!"

छापील पद्धतीप्रमाणे द्रव नायट्रोजनमधली गर्भाची नळी थेट कोमट पाण्यात जायची. अक्कांनी उंदरांच्या गर्भांवर कित्येक महिने वेगळं करून पाहिलं. नळी आधी हवेत धरायची, चाळीस मोजायचे, मग पाणी. आतलं संरक्षक द्रावणही एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं काढायचं. तसे उंदरांचे बरेच जास्त गर्भ जगले. मी घाई केली की माझं मनगट धरायच्या. "स्वल्प थांब गं. त्याला जागं होऊ दे."

मग सुमा आली. शाळेत शिकवायची. आजारपणात तिचे दोन्ही बीजांडकोश काढावे लागले होते. आधी गोठवलेले दोन गर्भ, एवढंच उरलं होतं.

"छापील पद्धतच वापरा," डॉक्टर म्हणाले.

"मग तुम्ही वितळवा. माझ्या हातून होणार नाही."

डॉक्टरांनी ते काम कधी केलंच नव्हतं. अक्कांनी सुमाला समोर बसवून सगळं सांगितलं: माणसाच्या गर्भावर हे पहिल्यांदाच, खात्री नाही. सुमा म्हणाली, "तुम्हीच करा, अक्का."

एक गर्भ फुटला. दुसऱ्याची एकही पेशी दुखावली नव्हती. सुमाला मुलगी झाली.

पेढे वाटून झाल्यावर डॉक्टरांनी नोंदवही पुढे सरकवली. "छापील पद्धतीनंच केलं, असं लिहा. विनापरवानगी बदल कागदावर नको."

"उद्या दुसरी सुमा येईल. हे वाचून तिचे गर्भ माराल."

"लिहिणार नसाल, तर उद्यापासून येऊ नका."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. त्यांनी ॲप्रन काढून घडी घातली आणि निघाल्या. जिन्यावरून उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज नेहमीसारखाच ठाम होता.

डॉक्टरांनी वही माझ्याकडे वळवली. "तुम्ही लिहा."

मी पेन उघडलं आणि जे घडलं तेच लिहिलं, चाळीस आकड्यांसकट. खाली सही केली. मग माझाही ॲप्रन काढला.