आमच्यात शिळं खात नाहीत

लातूरच्या एस.टी. स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती, कंडक्टर घाई करत होता, आणि अव्वा माझ्या हातात दशम्यांचं गाठोडं कोंबत होती. सुमन, तू तेव्हा आमच्या घरात सून म्हणून आली नव्हतीस. तुझ्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या भावाची, त्या दिवशी परीक्षा होती, म्हणून निरोपाला आम्ही मायलेकी दोघीच. अव्वा रडली नाही. ती म्हणाली, "दुधात मळलेल्या हायत, चार दिस काई होत न्हाई त्यायला. उरल्या तर टाकू नको. तिकडं गेल्यावर खा."

मी नांदेडला नर्सिंग शिकलेली, पायात पांढरे बूट, पर्समध्ये पासपोर्ट. बरोबर इंग्लंडला निघालेल्या दोन मुली मुंबईच्याच होत्या. गाठोड्यातल्या लसणाच्या चटणीचा वास सुटला तशी मला घाम फुटला. विमानतळावर मी ते गाठोडं एका बाकाखाली ठेवलं आणि विसरल्यासारखं करून पुढे गेले. पहिल्या पत्रात मात्र लिहिलं की दशम्या थेट इंग्लंडपर्यंत पुरल्या. खोटं बोलायला मी तिथूनच लागले.

माझी नोकरी उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावच्या इस्पितळात होती आणि राहायला डोरीनच्या घरी वरची खोली. डोरीन साठीची, विधवा, एकटी; मला "लव्ह" म्हणायची, आपण "बाळा" म्हणतो तसं. रविवारी ती मोठा स्वयंपाक करायची: भाजलेले बटाटे, उकडलेला कोबी, गाजरं आणि तिच्यापुरतं मटण. एकट्या बाईनं एवढं कशाला करावं, हे मला सोमवारी कळलं. उरलेले बटाटे नि कोबी ती कुस्करायची, जाड तव्यावर चरबीत घालून उलथन्यानं दाबायची आणि तळाला खरपूस लाल होईपर्यंत हलवायची नाही. तव्यावर ते चुरचुरत राही, अधूनमधून एखादा बुडबुडा फुटे. त्या आवाजावरूनच म्हणे त्याला बबल अँड स्क्वीक नाव पडलं. डोरीन रविवारपेक्षा सोमवारच्या जेवणाची जास्त वाट बघायची.

पहिल्या सोमवारी मी सांगितलं की आम्ही लिंगायत, मांसमच्छी खात नाही, चरबी चालत नाही. हे खरं होतं आणि एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण पुढच्या सोमवारी डोरीननं माझ्यासाठी एक वेगळा नवा तवा आणला. मटणाच्या ताटापासून लांब काढून ठेवलेले बटाटे नि कोबी तिनं तेलात परतले, वर मिरी घातली आणि बशी माझ्यासमोर ठेवली. मी बशी हातानं मागे सारली. म्हटलं, "आमच्यात शिळं खात नाहीत. शिळं आम्ही गुरांना घालतो."

डोरीनचा चेहरा मानेपासून लाल झाला. "माफ कर हं, मला माहीत नव्हतं," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर दर सोमवारी ती माझ्यासाठी ताजे बटाटे उकडायला लागली आणि स्वतः माझ्यासमोर बसून रविवारचं खायची. मी ते चालू दिलं.

सुमन, आमच्याकडे गुरांना शिळं घालायचे म्हणे! बहात्तरच्या दुष्काळात गोठ्यात गुरं उरली होती कुठे? वीस एकरांचे धनी म्हणवणारे आम्ही, पण विहिरीच्या तळाशी नुसती भेगाळलेली माती होती. अप्पा खडी फोडायच्या कामावर गेले आणि अव्वा जवळच्या उदगीरला एका आडत दुकानदाराच्या घरी भाकरी थापायला. तिथून येताना तिच्या डब्यात त्यांच्या घरचं उरलेलं असायचं. कधी आमटी, कधी पिठलं, कधी भाकरीचे अर्धेमुर्धे तुकडे. ते तुकडे कुस्करून ती कांदा-मिरचीची फोडणी द्यायची. आम्हा भावंडांना आधी वाढून तव्याला चिकटलेलं ती खरवडून खायची. कुणी काही म्हटलं तर तिचं ठरलेलं उत्तर होतं: "शिळं कशाला म्हणताव? उरलं म्हणावं."

त्या दुकानदाराची मुलगी माझ्याच वर्गात होती. एकदा मधल्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "काल आमच्याकडचं पिठलं कसं होतं गं?" तिच्या मनात काही नसेलही. त्या दिवसापासून कुणी शिळ्याचं नाव काढलं की मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. आणि सात समुद्र ओलांडून गेल्यावर, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे मी त्या दुकानदाराच्या घरची लेक होऊन बसले.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मी पहिल्यांदा रजेवर आले. लातूरभर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या आणि तुझा नवरा नोकरीचे अर्ज घेऊन हिंडत होता. अव्वाला मी डोरीनचा फोटो दाखवला. त्या पदार्थाचं नाव ऐकून ती हसली. "बबलू? ते तर पोराचं नाव हाय." मग मी तिला आख्खा किस्सा रंगवून सांगितला, मी बशी कशी सारली आणि गोऱ्या बाईचं तोंड कसं उतरलं ते. मला वाटलं, लेकीनं घराण्याची मान राखली म्हणून ती खूश होईल.

अव्वा निवडत होती ते तांदळाचं सूप तिनं खाली ठेवलं.

"आमच्यात शिळं खात न्हाईत म्हणलीस?"

"हाव."

"मग मी कोण होते गं?"

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. वर न बघता तिनं सांगितलं, "त्या बाईनं तुज्यासाठी नवा तवा आनला. जाऊन तिला खरं सांग. आन तिच्या हातचं उरलेलं मागून खा."

परत गेल्यावर पहिल्याच सोमवारी सांगायचं असं मी विमानात ठरवलं होतं. पहिला सोमवार गेला, दुसरा गेला. मोजले तर आठ सोमवार गेले. प्रत्येक वेळी ताजे बटाटे समोर आले आणि मी मुकाट्यानं गिळले. इस्पितळात मरणाऱ्या माणसाचा हात धरून बसायला मी घाबरत नव्हते, पण एका म्हातारीला "मी खोटं बोलले" म्हणायला घाबरत होते. नवव्या सोमवारी डोरीनची कंबर धरली होती. एका हातानं ओट्याचा आधार घेऊन ती माझ्यासाठी बटाटे सोलत होती. ते मला बघवलं नाही. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: दुष्काळ, डबा, पिठलं, अव्वा तव्याचं खरवडून खायची ते.

डोरीन खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, लव्ह."

"कसं?"

"तू ताट धुऊन पाणी पितेस ना, त्यावरून."

सुमन, तुला हे समजावून सांगायला नको. आपल्यात ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घालायचं, बोटानं ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं, कण वाया घालवायचा नाही. लहानपणापासूनची सवय, मला ती मोडता आली नव्हती. पण इंग्रज बाईसमोर लाज वाटायची, म्हणून मी बेसिनकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ फिरवून प्यायचे. मला वाटायचं, तिला दिसत नाही.

"जिला ताटातलं पाणीसुद्धा ओतवत नाही," डोरीन म्हणाली, "तिच्या घरात उरलेलं टाकत असतील का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? दोन वर्षं ताजं का करत राहिलात?"

"लढाईच्या दिवसांत लोणी रेशनवर मोजून मिळायचं. आमच्या घरी पाहुणे आले की माझी आई सांगायची, आम्हाला लोणी आवडतच नाही. तिला कुणी खोटं पाडलं नाही. मीही तुला पाडणार नव्हते."

मी ओट्याशी उभी राहून रडले. मग तिनं माझा तो नवा तवा काढला. दोन वर्षांत तो एकदाच चढला होता. रविवारचे बटाटे नि कोबी मी स्वतः कुस्करले, तळाला लाल होऊ दिले. मीठ कमी होतं, म्हणून वर अव्वानं दिलेली शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. डोरीननं घासभर घेतलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली आणि आणखी मागितलं. जेवण झाल्यावर मी तिच्यासमोर बसूनच ताटात पाणी घातलं आणि प्याले. अव्वाला पत्रानं कळवलं. भावाच्या अक्षरात उत्तर आलं: अव्वा म्हणते, बरं केलंस, आणि विचारते, मीठ बरोबर होतं का.

आता त्या दोघीही नाहीत. तव्याचा दांडा सैल झालाय, पण माझा सोमवार अजून त्याच्यावरच होतो.

हे सगळं तुला लिहायचं कारण गेल्या दिवाळीचं आहे. सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा तू कढईत रात्रीच्या भाकरीचा कुस्करा करत होतीस. कांद्याच्या फोडणीचा तोच वास होता. मला बघितलंस आणि घाईघाईनं कढईवर ताटली झाकलीस. म्हणालीस, "अक्का, तुमाला शिळं चालत नसंल. बसा, ताजं करायलेय." तुझी मान लाल झाली होती. मला डोरीन आठवली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. तू वाढलेले गरम पोहे खाल्ले, छान झालेत म्हटलं, आणि पलीकडे तू दाराआड बसून कुस्करा खात होतीस.

चाळीस वर्षं लोक मला विचारतात, घर कुठलं? मी लातूर सांगते. पण जिथे आपल्याला बघून कढईवर ताटली पडते तिथे आपण पाहुणे असतो, आणि हे सगळं तुला कधी न सांगून ती ताटली तुझ्या हातात मीच दिली. पुढच्या महिन्यात येते आहे. स्टँडवर न्यायला कुणी आलं नाही तरी चालेल. आदल्या रात्री दोन भाकरी जास्त थाप आणि माझ्या वाटणीच्या उरू दे.