स्टँडवरच्या सायकलींचा वर्ग

परवा परभणीत भाचीच्या जिममध्ये डोकावले आणि हसूच आलं. बंद खोलीत वीसेक सायकली, सगळ्या जागच्या जागी, वर घामाघूम बायका... आणि समोर आमची भाची माईकवरून ओरडतेय, "अजून जोरात!"

हे नवीन आहे मावशी, तुला नाही कळायचं, असं म्हणाली. अगं बाई, तुझ्या जन्माच्या आधी याच गावात हा वर्ग तुझ्या मावशीने घेतलाय!

नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. मी मुलींच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका, नोकरीत नवी आणि सगळ्याला 'हो' म्हणणारी. मोठ्या बाईंनी एक दिवस फर्मान काढलं, शनिवार-रविवार बायकांना सायकल शिकवा. मी म्हटलं, हो बाई.

आता खरं सांगते, आजवर फार कमी जणांना सांगितलंय... मला स्वतःला सायकल येत नव्हती.

मग मी शक्कल लढवली. भाड्याच्या सहा सायकली शाळेच्या हॉलमध्ये स्टँडवर उभ्या केल्या आणि दारं लावून घेतली. बाहेरचे लोक हसतील म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. बायका पदर खोचून बसायच्या, मी शिट्टी वाजवायची, आणि मागची चाकं हवेत गरगर फिरायची. "कंबर सरळ, नजर समोर!" आवाज काय होता माझा...

त्यात चुडाव्याहून पॅसेंजरने येणाऱ्या कौसल्याबाई होत्या. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, तिकडच्या एका आरोग्य केंद्रात रोजंदारीवर काम करायच्या. आंदोलनाचा बंद असला की एस.टी. थांबायची आणि लसीचा डबा केंद्रातच पडून राहायचा. म्हणून डॉक्टरसाहेबांनी अट घातली होती... सायकल चालवून दाखवा, तरच कायमच्या नेमणुकीसाठी तुमचं नाव पाठवतो. नाहीतर दुसरी बाई बघतो.

सगळ्यात जोरात पायडल त्याच मारायच्या. "बाई, आता येतंय ना मला?" असं दर रविवारी विचारायच्या. आणि मी "उत्तम!" म्हणायची. तोंडातून दुसरं काही निघायचंच नाही.

परीक्षेच्या दिवशी त्या मलाही सोबत घेऊन गेल्या. केंद्राच्या अंगणात साहेब खुर्ची टाकून बसलेले. त्या कडुलिंबाला वळसा घालून या, एवढंच म्हणाले.

कौसल्याबाईंनी काय करावं? सायकल स्टँडवर लावली, ऐटीत बसल्या, पायडल मारायला लागल्या... आणि माझ्याकडे बघत राहिल्या. शिट्टीची वाट बघत होत्या! शिपाई तोंडाला रुमाल लावून हसायला लागला.

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढे जोरात हिसका दिला. स्टँड सुटलं आणि सायकल सुसाट... कडुलिंब मागे राहिला, फाटकही मागे राहिलं. वळवायचं कसं, थांबवायचं कसं, हे मी शिकवलंच नव्हतं. स्टँडवर त्याची गरजच कुठे पडत होती? शेवटी रस्त्यापलीकडच्या ज्वारीतून धप्पकन आवाज आला.

धावत गेले. गुडघा फुटलेला, केसांत ज्वारीची पानं. तशाच लंगडत अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "बाईनं लय चांगलं शिकवलंय साहेब. मीच घाबरले."

त्यांना खरंच तसं वाटत होतं हो... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग मी सांगून टाकलं. साहेब, चूक यांची नाही. सायकल मलाच येत नाही.

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा या, तोवर थांबतो. शिपायाचंही हसू थांबलं होतं.

मला गाडीत बसवून द्यायला कौसल्याबाई लंगडत स्टेशनपर्यंत आल्या. आता मला शिव्या बसणार, असं धरूनच चालले होते. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर टेकून त्यांनी पदराने गुडघा पुसला आणि म्हणाल्या, "येत न्हाई तर सांगायचं की बाई. दोघी मिळून पडलो असतो."

मला तिथेच रडू कोसळलं. त्यांनी मला जवळ घेतलं... म्हणजे फुटलेला गुडघा त्यांचा आणि रडत होते मी!

पुढचे पंधरा दिवस त्या रोज सकाळच्या गाडीने आल्या. हॉलची दारं उघडली, सायकली मैदानात आणल्या. एकीने चालवायची, दुसरीने मागून कॅरिअर धरायचं. कुंपणाबाहेर बघे जमले, हसायलाही लागले. "हसा, हसा. अन् हसून झालं की मागून धरायला या," असं कौसल्याबाई त्यांना सुनवायच्या. कोणी आलं नाही. आम्हीच एकमेकींना धरत होतो, आणि पडतही होतो.

दुसऱ्या परीक्षेला त्यांनी एकाऐवजी दोन सायकली आणल्या. साहेब बघतच राहिले. "आमच्या बाई बी परीक्षा देणार हायेत," म्हणाल्या!

पुढे त्या, मागे मी... कडुलिंबाला वळसा घालून खुर्चीसमोर येऊन थांबलो. साहेबांनी दोघींना पास केलं. कौसल्याबाईंची नेमणूक झाली, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या लसीचा डबा कॅरिअरला बांधून गावोगाव फिरल्या.

परवा भाचीने विचारलं, बसतेस का मावशी? एक सायकल रिकामी होती. तिला कसली कसली बटणं, पायाला पट्टे, समोर पडदा... मी पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, मला हे येत नाही हं.

शेजारची बाई लगेच खाली उतरली. "मलाबी गेल्याच आठवड्यात जमायलंय काकू," म्हणत तिने खाली बसून माझ्या पायाचे पट्टे बांधले. कौसल्याबाई, तेव्हा तुमचीच फार आठवण आली हो...