रबर लावलेली फांदी

माझ्या खिडकीखाली तेलाच्या जुन्या डब्यात एक गुलाब आहे. त्याची पाकळी आतून लाल आणि पाठीमागून सायीसारखी पांढरी. तो माझ्या पत्नीने लावला. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. त्या झाडाबद्दल मला जे लिहायचं आहे ते रोज थोडं थोडं लिहितो आहे, कारण एका बैठकीत ते होत नाही.

मी वडगाव मावळच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. आम्ही राहायला इंदुरीत. पत्नी सोमाटण्याच्या पलीकडे एका गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जायची. तिचा धाकटा भाऊ तिथेच सुपरवायझर. त्यानेच तिला कामाला लावलं होतं. तिथला नियम असा, की ओळीत एखादी वेगळी फांदी दिसली तर मोडून टाकायची. परदेशी जाणाऱ्या पेटीत सगळी फुलं एकसारखी लागतात.

सातव्या ओळीत, लाल गुलाबांमध्ये, एका झाडाच्या एकाच फांदीवर तिला ती दुरंगी कळी दिसली. तिने भावाला हाक मारली. त्यांचं बोलणं तिने त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मला जसंच्या तसं ऐकवलं होतं.

"आक्का, डोळं तपासून घे. उनानं रंग उडालाय त्येचा."

"रंग तुझा उडालाय, एसीत बसून. हितं येऊन बघ तरी."

"बघायचं काय त्यात? मोडून टाक."

तो बघायला आला नाही. तिने जुडीला लावायचं एक रबर त्या फांदीला गुंडाळलं, म्हणजे दुसरी कुणी बाई मोडणार नाही. फूल पूर्ण उमलेपर्यंत वाट पाहिली. मग सांगितल्याप्रमाणे फांदी मोडली, फक्त कचऱ्यात टाकली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून घरी आणली, तिरका काप देऊन तिच्या काड्या केल्या आणि तेलाच्या डब्यात खोचल्या. तीन वाळल्या, एक जगली.

दुसऱ्या वर्षीही फूल तसंच आलं. भाऊबीजेला मेहुणा आला तेव्हा झाड बहरात होतं. ओवाळून घ्यायचं सोडून तो अंगणात उकिडवा बसला.

"आक्का, ह्यो तोच का गं?"

"व्हय. उनानं रंग उडालेला."

तो हसला. दहा काड्या मागितल्या. तिने ओल्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "अवो, कंपनीनं ह्यो लावला तर माझं नाव लागंल का?"

मी पुस्तकं वाचणारा माणूस. तिला समजावून सांगितलं, की झाडाला कुणाचं नाव नसतं. ते निसर्गाने दिलं, तू घडवलं नाहीस, तुला नुसतं दिसलं. दिसलेल्या गोष्टीवर कुणी हक्क सांगू लागलं तर उद्या पावसावरही सांगेल.

"व्हय," ती म्हणाली. "पर दिसलं मला ना?"

एवढं बोलून ती आत गेली. वाद मी जिंकलो होतो.

ती गेल्यावर चारेक महिन्यांनी मेहुणा गाडी घेऊन आला. "दाजी, किती दिवस घरात बसणार? चला, लोणावळ्याला एक कार्यक्रम हाय." एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये बागायतदार, व्यापारी, दोन परदेशी पाहुणे होते. मंचावर काचेच्या भांड्यात तोच गुलाब होता. मला वाटलं, तिचं नाव घेणार आहेत, म्हणून मला आणलं आहे. मी खिशातला रुमाल हातात घेऊन बसलो.

मेहुणा माइकपाशी गेला. शुद्ध भाषेत बोलला. "सातव्या ओळीत मला एक वेगळी फांदी दिसली. सगळे म्हणाले, मोडून टाक. पण मी तिला रबर लावलं."

रबरसुद्धा त्याने घेतलं. टाळ्या वाजल्या. सवयीने मीही दोनदा टाळी वाजवली, मग हात थांबले. हातातल्या पुस्तिकेत 'शोधक' या शब्दापुढे त्याचं नाव होतं.

त्यानंतर काही आठवडे मी कायदा वाचला. आपल्याकडे रोपाला पेटंट मिळत नाही, वाणाची नोंदणी वेगळ्या कायद्याने होते. कंपनीने अर्ज परदेशात केला होता. तिथे नियम असा, की रानात उगवलेलं सापडलं तर हक्क नाही, पण लागवडीत सापडलं आणि शोधणाऱ्याने त्याच्या काड्या लावून ते वाढवलं, तर आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. सापडलं तिला, वाढवलं तिने. निसर्गातल्या गोष्टीवर असा हक्क असू नये, हे माझं मत आजही बदललेलं नाही. पण कायद्याने तो द्यायचाच ठरवला होता आणि तिने विचारलं तेव्हा मी तो तिच्याकडून काढून घेतला होता.

मग मेहुणा एक कागद घेऊन आला. आमच्या आळीत तसलीच फुलं फुलतात, हे कुणीतरी कंपनीला कळवलं होतं. कागदावर लिहिलं होतं, की हे रोप माझ्या पत्नीने कंपनीच्या आवारातून परवानगीशिवाय आणलं आणि मी ते परत करत आहे.

"म्हणजे चोरी," मी म्हणालो.

"दाजी, कागदाची भाषा तशीच असती. आक्काला आता काय फरक पडतोय?"

"तू तिला मोडून टाक म्हणाला होतास."

"म्हनलो आसंल. पर तिचं नाव लावून कंपनीनं काय केलं असतं? चौथी शिकलेली बाई."

"आणि रबर?"

त्याने बाहेर डब्याकडे पाहिलं. "त्ये बोलताना तोंडातून गेलं," म्हणाला. मग चहा न घेता उठला. "इचार करा. सही न्हाई झाली तर माझी नोकरी जाईल."

कागद टेबलावर राहिला. मी सही केली नाही.

दुःखाच्या दिवसांत शेजारून आलेल्या वाट्या माझ्या फळीवर तशाच होत्या. वाटी रिकामी परत करायची नाही, हा तिचा नेम. कधी मिरच्या, कधी गूळ, शेवटची दोन वर्षं गुलाबाची काडी. आळीभर झाडं झाली ती अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक वाटी घासली, तिरका काप देऊन काडी कापली आणि शेजारच्या मावशींकडे गेलो. त्यांचं झाड मागच्या उन्हाळ्यात वाळलं होतं.

मावशींनी वाटी घेतली, काडी माझ्या हातात परत ठेवली.

"भाऊ, राग मानू नका. तुमचा म्हेवना काल घरोघर सांगून गेलाय, लावायचं न्हाई म्हणून. आमाला कोर्ट झेपायचं न्हाई."

काडी घेऊन परत आलो. दुसऱ्या डब्यात माती भरून ती खोचली, तिला एक रबर गुंडाळलं. पुस्तकांच्या पाठीला लावायची थोडी लेबलं अजून माझ्याजवळ आहेत. त्यातल्या एकावर पत्नीचं पूर्ण नाव लिहून डब्यावर चिकटवलं.

झाडाला नाव नसतं, हे मला अजूनही पटतं. तरी लिहिलं.