कर्वेनगरच्या गच्चीवरचं ऊन

अमरावतीत उन्हाची काही कमी नाही. तरी उन्हाची वीज कशी करायची ते पाहायला आमच्या सोसायटीने मला पुण्याला पाठवलं, याची गाडीत बसल्यापासून मला लाज वाटत होती. स्लॅबवर (म्हणजे गच्चीवर) सौर पॅनेल बसवण्याआधी कोणीतरी डोळ्यांनी पाहून यावं असं ठरलं, आणि सेक्रेटरी मीच असल्याने ते माझ्या गळ्यात पडलं.

कर्वेनगरला रिक्षातून उतरलो. तिथल्या सोसायटीच्या दारावरच पाटी होती: 'सौर प्रकल्पाची चौकशी सायंकाळी पाचनंतर. दुपारी सूर्य कामात असतो, आम्ही झोपेत.' तोवर समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. वऱ्हाडी जिभेला ती फारच सौम्य लागली, पण तसं म्हणायची पुण्यात सोय नाही.

पाचला जोशीकाका भेटले. निवृत्त इंजिनिअर, प्रकल्पाचा आराखडा त्यांचाच.

"चपला इथेच काढा. वर वाळवण आहे."

गच्चीची फरशी तव्यासारखी तापली होती. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागलो.

"अमरावतीचे ना आपण? सवय असेल," काका शांतपणे म्हणाले.

पॅनेल इथेही अजून कागदावरच होती, आणि त्याचीच सभा गच्चीवर होती. सभासदांनी पदरचे पैसे काढून पॅनेल बसवायचं ठरवलं होतं. पण सगळ्यांचा होकार मिळाल्याशिवाय गच्चीला हात लावायचा नाही, हा या सोसायटीचा शिरस्ता. होकार अडला होता तो सुमनताईंचा. त्या उन्हाळाभर कुरडया (आपल्या कुरोड्या) करून विकतात आणि त्यावरच त्यांचं घर चालतं.

"विजेला माझा विरोध नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळी गच्ची पॅनेलखाली गेल्यावर मी कुरडया कुठे घालायच्या?"

"यंत्रात वाळवा," काका म्हणाले. "वीज आपलीच असणार आहे."

"मग तुम्ही पॅनेल माझ्या स्वयंपाकघरात लावा. मी दिवा लावून देते."

सगळे हसले. काका हसले नाहीत. निवृत्तीनंतरचा त्यांचा सगळा जीव त्या आराखड्यात होता. ते उठले, खडू घेतला आणि फरशीवर रेघा मारू लागले. पॅनेलची तोंडं दक्षिणेला, सावली पडणार मागे. म्हणजे पॅनेलची पुढची पहिली ओळ वगळली तर त्या पट्टीवर दिवसभर ऊन राहणार होतं.

"उरलेल्या पॅनेलवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालतील," ते म्हणाले. "पाण्याचा पंप मात्र बाहेरच्या विजेवर."

सुमनताई त्या पट्टीत जाऊन उभ्या राहिल्या. पावलांनी तिची लांबी मोजली.

"अहो, एवढी नको. अर्धी पुरे, मी दिवसाआड घालीन. पंपाचंही बघा तुम्ही."

 काकांनी नवी रेघ मारली आणि होकाराचे सगळे हात वर गेले. नंतर सुमनताईंनी सगळ्यांना कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा गरम चीक दूध-साखर घालून दिला. मी दोनदा मागून घेतला.

परतीच्या गाडीत मला पॅनेलपेक्षा ती खडूची रेघच जास्त आठवत होती. गच्चीवरचं ऊन रिकामं पडलेलं नसतं, ते आधीच कोणाच्या तरी कामात असतं. हे पाहायलाच बहुधा मी गेलो होतो.

आमच्या सभेत सगळे खर्च विचारायला टपले होते. मी म्हटलं, "ते सांगतो. आधी सांगा, आपल्या स्लॅबवरचं ऊन कोणाकोणाला लागतं?"

 मग मागच्या खुर्चीवरून एक हात वर झाला. माझ्या बायकोचा.

"हे जायच्या आधी घरी विचारलं असतं," ती म्हणाली, "तर पुण्याचं तिकीट वाचलं असतं."