वाणाची चिठ्ठी

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून हृदयतपासणीची चिठ्ठी वाटायची, ही कल्पना माझी. कौतुकही सगळं मीच करून घेतलं. त्यापुढे जे झालं ते मला आजवर नीट उलगडलेलं नाही. कुणी विचारलं की मी ते दर वेळी वेगळंच सांगते, असं आमचे मिस्टर चारचौघांत सुनावतात.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही सातपूरला कामगारांच्या कॉलनीत राहायचो. त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या मजल्यावरची एक बाई गेली. चाळिशीही उलटली नव्हती. दोन दिवस पाठ भरून आलीय, पित्त झालंय म्हणत आल्याचा रस घेत होती, आम्हीच करून देत होतो, आणि तिसऱ्या दिवशी हार्ट अटॅक. माझं डोकंच फिरलं. पुरुषाच्या छातीत जरा कळ आली की अख्खी बिल्डिंग रिक्षा शोधायला धावते, आणि बाईला आलं-लिंबू! महिला मंडळात मी तावातावाने बोलले आणि काम माझ्याच गळ्यात पडलं.

एक डॉक्टर कमी पैशांत बायकांचे ईसीजी काढून द्यायला तयार झाले. बाकीच्या रकमेसाठी आम्ही भाजणी आणि तिळाचे लाडू शिफ्ट सुटायच्या वेळी कंपन्यांच्या गेटवर विकले. मग मी म्हटलं, दर वर्षी त्याच प्लास्टिकच्या वाट्या काय वाटायच्या? या वेळी वाणात तपासणीची चिठ्ठीच देऊ. सगळ्यांना पटलं. मी मजकूर लिहून प्रेसला दिला.

लाडू वळणं, पुड्या बांधणं, चिठ्ठ्यांच्या घड्या घालून पाकिटात भरणं, हे सगळं घरात बसून केलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. दीर जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्या आमच्याकडेच असायच्या. बोलणं कमी. मी बाहेर भाषणं ठोकत फिरायचे आणि घरी आले की ताट वाढलेलं असायचं.

हळदीकुंकवाला समाजमंदिर गच्च भरलं. मी माइकवरून सांगितलं, जबडा दुखतो, पाठ दुखते, दरदरून घाम येतो, जिना चढताना दम लागतो, दर वेळी ते पित्तच असतं असं समजू नका. बायका माना डोलवत होत्या. मग एकेकीला कुंकू लावून आम्ही पाकिटं दिली. जाऊबाई मागच्या खोलीत मसाला दूध गाळत होत्या. पुढे आल्या नाहीत. विधवा बाई हळदीकुंकवाला पुढे येत नाही हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि मला त्यात काही खटकलंही नाही. हेच मला कळत नाही. मी तर स्वतःला भारी सुधारलेली समजायचे.

घरी आल्यावर पिशवीत एक पाकीट उरलेलं दिसलं. मी ते त्यांच्यापुढे धरलं.

"वाण आहे ते. मला कसं चालेल?" त्या म्हणाल्या.

मी चिडले. अहो वहिनी, साधा कागद आहे, त्याला कसलं आलंय सोवळं, असं काहीबाही बोलले. त्या शांतपणे भांडी पुसत होत्या.

"त्यावर सौ. छापलंय. तीनशे घड्या घातल्या मी. लिहून देताना तुला दिसलं नाही का गं?"

मी पाकीट फोडून पाहिलं. नावाच्या रेघेआधी ठसठशीत सौ. होतं. म्हणजे ज्या बाईचा नवरा आहे तिलाच हृदय, असा माझा मजकूर. मी पेन घेऊन ते खोडायला लागले, तर म्हणाल्या, राहू दे, उगाच खाडाखोड कशाला, कुणा गरजू बाईला दे. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. तीनशे वेळा वाचलं तर आधी का नाही बोलल्या? दुसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी भाजीवालीला देऊन टाकली आणि चक्क सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी शिबिर. रांग सांभाळायला तुम्ही चला, असं मी म्हटल्यावर जाऊबाई लगेच निघाल्या. कामाला त्यांची कधीच ना नसायची. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. अकराच्या सुमाराला त्या पाण्याची कळशी घेऊन वर येता येता पायरीवरच बसल्या. मी वरून पाहिलं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की आता रांग कोण बघणार? मग त्यांचा चेहरा दिसला. पांढराफटक, मानेवरून घामाच्या धारा. नर्सने चिठ्ठी न विचारता त्यांना टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि मला म्हणाले, गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता.

हॉस्पिटलच्या वाटेवर द्वारका चौकाच्या सिग्नलला ट्रकांच्या मध्ये अडकलो तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला भीती वाटत होती. त्या जातील याची भीती की त्या गेल्यावर मी कुठे तोंड दाखवू याची, ते तेव्हाही समजलं नाही.

वाचल्या. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर रागावले. महिनाभर दम लागत होता, पाठ दुखत होती, मग घरात कुणाला सांगितलं का नाही?

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिला कुठे वेळ होता, डॉक्टर? बायकांच्या हृदयाचं एवढं मोठं काम होतं हिच्या हातात."

डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. मीही हसले.

त्या मला टोमणा मारत होत्या की डॉक्टरांपुढे माझी बाजू राखत होत्या? त्यानंतर जाऊबाई सहा वर्षं होत्या. रोज रात्री आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसायचो. मी विचारलं नाही.