दाराचा रंग

गोंदियातल्या रंगाच्या दुकानात मी फुलचूरच्या नव्या घरासाठी शेडकार्ड चाळत होतो. शेजारी पन्नाशीची एक बाई उभी होती. उभी कसली, तिचा पाय एका जागी ठरतच नव्हता. कार्ड घेऊन ती उन्हात जायची, डोळे अगदी बारीक करून बघायची आणि परत यायची.

"भाभी, क्लासिक लुक में यही चलता है. दीवार क्रीम, दरवाजा भी क्रीम," दुकानदार म्हणाला.

"थाट जुनाच ठेवा, भाऊ. पन दरवाजा येगळा दिसला पायजे."

"काऊन, ताई?" मी विचारलं.

"आमच्या यायले आता अंधुकच दिसून राहिलं. दरवाजा समजून भिंतीवर आदळतेत."

तिचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. तिने क्रीम कार्डावर गडद तपकिरी कार्ड ठेवून त्याच्यासमोर धरलं. त्याने मान तिरपी केली, बराच वेळ शोधलं आणि तपकिरीवर बोट टेकवलं.

"हा दरवाजा."

मला वाटलं, आता तरी ती क्षणभर बसेल. पण ती लगबगीने आत आली.

"हाच द्या. आन् आजच द्या, भाऊ. त्यायले दिसते तवरी लागला पायजे."